कूळ आणि कुळकथा

मराठीत ‘कूळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला घराण्याचा, वंशाचा. लग्न जुळवताना आपण कूळ विचारतो, कुलदैवत सांगतो, एखाद्याच्या पूर्वजांची हकीकत म्हणजे त्याची कुळकथा असे म्हणतो. दुसरा अर्थ दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसणाऱ्या माणसाचा. कूळकायदा, कूळवहिवाट, संरक्षित कूळ हे शब्द त्या अर्थाचे. वकिलीच्या धंद्यात मी दुसरा अर्थ वापरत आलो आणि घरात पहिला. हा एकच शब्द आहे, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती आली भेस्तानमध्ये, एका नाटकाच्या तालमीत, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी.

सीमाभागातील वाचकांना भेस्तान ठाऊक असण्याचे कारण नाही. मुंबईहून सुरतेकडे येताना उधन्याच्या अलीकडचे हे स्थानक. उधन्याहून जळगावकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० साली पूर्ण झाला आणि खानदेशचा माणूस सुरतेला जोडला गेला. आज उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात लूमच्या कारखान्यांत आणि रंगाईच्या गिरण्यांत काम करणारी खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. बारा-बारा तासांची पाळी असते. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती आणि लग्नपत्रिकेवर मराठी असा येथील भाषाव्यवहार आहे.

गणेशोत्सवात आमच्या वस्तीत दरवर्षी एक नाटक होते, बहुधा विनोदी. त्या वर्षी मंडळींनी ठरवले की काहीतरी ‘आपल्या माणसांचे’ करावे. मी सुचवले ते मात्र फिनलंडचे होते. ऐकणाऱ्यांना वाटले, वकीलसाहेब थट्टा करीत आहेत.

व्हॅइनो लिन्ना हा लेखक १९२० साली उर्याला नावाच्या खेड्यात जन्मला. १९३८ साली तो ताम्पेरे या औद्योगिक शहरात आला आणि तेथील फिनलेसन कापडगिरणीत कामगार झाला. लेखक म्हणून नाव होईपर्यंत तो गिरणीतच होता. त्याची ‘इथे ध्रुवताऱ्याखाली’ ही तीन खंडांची कादंबरी १९५९, १९६० आणि १९६२ या वर्षी प्रसिद्ध झाली. मी ती रिचर्ड इम्पोला यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली. लेखक कापडगिरणीचा कामगार होता एवढे कळल्यावर आमच्या मंडळींचा अर्धा विरोध मावळला.

कथा अशी. युस्सी नावाचा गडी १८८४ च्या सुमारास चर्चच्या मालकीची एक दलदल मागून घेतो. चर खणतो, पाणी काढतो, झुडपे उपटतो आणि त्या चिखलातून शेत उभे करतो. त्याच्या हाती आहे तो म्हाताऱ्या धर्मगुरूचा शब्द. तो धर्मगुरू वारतो, नवा येतो, आणि युस्सीने तयार केलेल्या जमिनीचा एक तुकडा चर्चसाठी परत काढून घेतला जातो. युस्सी ते गिळतो. त्याचा मुलगा आक्सेली गिळू शकत नाही. गावातला शिंपी हाल्मे कामगारांची संघटना काढतो, आक्सेली तिच्यात जातो, आणि १९१८ च्या यादवीत तो लाल सैन्याच्या तुकडीचा प्रमुख होतो. लाल बाजू हरते. त्याचे दोन भाऊ मारले जातात. हिंसेला विरोध करणारा हाल्मेही गोळीने मरतो. आक्सेली मृत्युदंडातून वाचून बंदिछावणीत जातो. पुढे जमीन कसणाऱ्यांना ती विकत घेण्याचा हक्क कायद्याने मिळतो आणि ज्या जमिनीसाठी हे सारे घडले ती कोस्केला कुटुंबाच्या मालकीची होते. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धातील लढाया येतात आणि आक्सेलीचे तीन मुलगे घेऊन जातात.

भाषांतर करताना पहिली अडचण युस्सीच्या नावापुढे काय लावावे येथेच आली. फिनिशमध्ये त्याला ‘तोर्प्पारी’ म्हणतात: मालकाची जमीन कसणारा आणि खंडाच्या बदल्यात मालकाच्या शेतावर ठरावीक दिवस राबणारा माणूस. हा शब्द मूळचा स्वीडिश आहे, आणि राबण्याच्या त्या दिवसांसाठीचा ‘तक्सवॅर्क्की’ हा शब्दही. फिनलंडमध्ये शतकानुशतके राज्यकारभाराची भाषा स्वीडिश होती. फिनिशला तिच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा हुकूम १८६३ साली निघाला. कष्ट फिनिश माणसाचे आणि कष्टाचे नाव मालकाच्या भाषेतले. आपल्याकडे ‘जमीन’ फारसीतून आली, ‘रयत’ आणि ‘मालक’ अरबीतून. ‘कूळ’ मात्र आपल्याच घरातला शब्द. संस्कृत ‘कुल’ म्हणजे कुटुंब. सारा द्यायचा तो कुटुंबाने, म्हणून महसुलाच्या वहीत प्रत्येक कुटुंब हे एक कूळ. त्यांचा हिशेब ठेवणारा तो कुळकर्णी. कसणारा तो कुळवाडी. जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवाजी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले, ते या दुसऱ्या अर्थाचा मान राखून.

कादंबरीत ‘मॅकितुपालाइनेन’ नावाचा आणखी एक वर्ग आहे. त्यांच्याकडे कसायला जमीनही नसते, मालकाच्या माळावर फक्त झोपडी असते. याला खानदेशात नेमका शब्द मिळेना. तो मिळाला गोव्यात: मुंडकार. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा, म्हणून त्याच्या शब्दात राहणारा. गोव्यात कुळांसाठी १९६४ चा आणि मुंडकारांसाठी १९७५ चा असे दोन वेगळे कायदे झाले, कारण ही दोन माणसे वेगळी आहेत हे तेथील भाषेला आधीपासून माहीत होते. सीमाभागातील आपल्या बोलींमध्ये असे किती शब्द पडून असतील, याची नोंद आपण करायला हवी.

दुसरा प्रश्न संवादांचा. लिन्नाचे निवेदन प्रमाण फिनिशमध्ये आहे, पण त्याची माणसे आपापल्या मुलखाची बोली बोलतात. आम्ही संवाद अहिराणीत करायचे म्हटले, तेव्हा पहिला विरोध महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने केला. त्याचे म्हणणे असे, की नाटकात अहिराणी आली की लोक हसण्याची तयारी करूनच बसतात. मरणाच्या प्रसंगी ती चालणार नाही. त्याचे निरीक्षण खोटे नव्हते. ग्रिअर्सनने १९०७ साली खानदेशीला भिल्ल भाषांच्या खंडात टाकले, जनगणना तिला आजही मराठीपासून वेगळी मोजते आणि आमचे रंगमंच तिला गड्याच्या तोंडी घालतात. म्हणून तर आम्ही तीच घेतली. निवेदक आणि धर्मगुरू प्रमाण मराठी बोलतील, गाव अहिराणी बोलेल. शिंपी हाल्मे हा पुस्तके वाचून शहाणा झालेला माणूस. कादंबरीतही तो छापील भाषेत बोलतो आणि गाव त्याला थोडे हसते, थोडे मानते. त्याला आम्ही अग्रलेखाची मराठी दिली. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’तला गंगाराम शिंपी ज्यांनी वाचला आहे, त्यांना खेड्यातल्या शिंप्याचे एकटेपण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गावात एक जमीनदार आहे, स्वीडिश बोलणारा, फिनिश मोडकी बोलणारा. त्याला गुजराती द्यावी असे कोणीतरी सुचवले. टाळी मिळाली असती. परंतु लूमवर शेजारी उभा असलेला गुजराती कामगार आमचा जमीनदार नाही, आणि ज्या भाषेत आमची मुले शिकतात तिला खलनायकाच्या तोंडी घालणे खोटे ठरले असते. जमीनदाराला आम्ही इंग्रजी दिली.

आता तालमीतला प्रसंग. युस्सीचे काम करणारे आबा साठीचे, आयुष्य लूमवर गेलेले. जमीन परत घेतली जाते तो प्रवेश वाचून झाल्यावर त्यांनी पोथी खाली ठेवली आणि मला विचारले, “वकीलसाहेब, याच्याकडून कागद करून घेतला का? सही केली का अंगठा?”

मी सांगितले, की कागदापेक्षा येथे शब्दाचाच व्यवहार होता. आबा म्हणाले, “मग बरं. आमच्याकडे कागद केला होता.” आणि त्यांनी आजोबांची हकीकत सांगितली, जी खानदेशात हजार घरांत सापडेल.

ती कळण्यासाठी थोडा कायदा सांगावा लागेल. मुंबई राज्याचा कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. त्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला: त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल तो तिचा खरेदीदार मानला जाईल. कायदा येणार याची कुणकुण मालकांना आधीच होती. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे कुळाला आपला हक्क लेखी सोडून देता येत असे. तो लेख मामलेदारासमोर पडताळला जावा, एवढी अट. मग १९५७ च्या आधीच्या वर्षांत असंख्य कुळांनी असे राजीनामे दिले. प्रत्येकात एक शब्द ठरलेला: ‘स्वखुशीने’.

आबा बोलत होते तेव्हा मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. आमचे मूळ गाव तेव्हाच्या पश्चिम खानदेशात. आजोबांच्या ट्रंकेत असा एक कागद आहे. १९५५ सालचा. प्रकृती साथ देत नाही आणि शेती झेपत नाही म्हणून मी स्वखुशीने जमीन सोडतो, अशा मजकुराखाली अंगठा. वकिलीच्या पहिल्या वर्षी मी तो वाचला होता आणि कलम १५ चे पालन बिनचूक झाले आहे, एवढेच पाहिले होते. ज्याचा अंगठा होता तो माणूस मी लहानपणी पाहिलेला आहे. शेती झेपत नाही म्हणून जमीन सोडलेला तो माणूस पुढची वीस वर्षे त्याच जमिनीवर आमचा सालदार होता. आमच्या कुळकथेत त्याचे नाव येते ते ‘घरच्यासारखा’ म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी आबांना हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग पाद्रीचं काम तुम्हीच करा.” ते काम आधी दुसऱ्याकडे होते. मी ते घेतले.

ते काम सोपे नाही, कारण लिन्नाने धर्मगुरूला दुष्ट केलेले नाही. तो भला, संकोची माणूस आहे. त्याची बायको एलेन सुशिक्षित आणि फिनिश भाषेची कट्टर कैवारी आहे. फिनिश लोक, फिनिश संस्कृती यांवर तिचे खरोखर प्रेम आहे. आणि युस्सीची जमीन परत घ्यायला नवऱ्याला तीच भाग पाडते, कारण संसाराचा खर्च वाढला आहे. भाषेवर प्रेम करणारी आणि ती भाषा बोलणाऱ्या माणसाचे शेत काढून घेणारी बाई एकच आहे. यात काही विसंगती आहे, हे तिला कधी जाणवत नाही. एलेनचे काम एका शिक्षिकेने केले. ती म्हणाली, “मला हिचा राग येत नाही, भीती वाटते. मराठी दिनाला मी असंच बोलते.”

भाषिक चळवळीत आयुष्य घातलेल्या आपण सर्वांनी ही एलेन पाहावी असे मला वाटते. सीमाप्रश्नाने कुळाचे काय केले, याचा हिशेब आपण फारसा मांडलेला नाही. बेळगाव, कारवार १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेले. कृषक दिन त्यानंतर पाच महिन्यांनी उजाडला. जुन्या मुंबई राज्याच्या त्या दिवसाचा लाभ नव्या राज्यात गेलेल्या कुळांना तेव्हा मिळाला नाही. कर्नाटकातील कुळांच्या जमिनी सरकारजमा करून त्यांच्या नावे करण्याची प्रक्रिया सुरू झाली ती १ मार्च १९७४ पासून. मध्ये सतरा वर्षे गेली. सीमेच्या अलीकडच्या शिवारातले कूळ कायद्याने मालक झाले असताना पलीकडच्या शिवारातले कूळच राहिले, मग ते घरी मराठी बोलत असो की कन्नड. उंबरगाव, नवापूर, अक्कलकुवा भागातील जी गावे १९६० मध्ये गुजरातेत आली, त्यांना कृषक दिन आधीच मिळून गेला होता. त्यांचा सातबारा फक्त गुजरातीत झाला. आपण नकाशा मोठ्या आवाजात मागितला. सातबारावरच्या नावांचा प्रश्न त्या आवाजात कितपत ऐकू आला?

तिसरा प्रश्न युद्धाच्या नावाचा. २७ जानेवारी ते १५ मे १९१८ हा काळ. सुमारे ३१ लाख वस्तीच्या देशात ३६,००० हून अधिक माणसे मेली. लढाईपेक्षा त्यानंतरच्या गोळीबारांत आणि बंदिछावण्यांतील उपासमार व रोगराईत अधिक. छावण्यांतच १२,००० हून अधिक. जिंकलेल्यांनी याला ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हटले आणि हरलेल्यांच्या वागण्याला ‘बंड’. हरलेल्यांनी ‘वर्गयुद्ध’ म्हटले. मधल्यांनी ‘भाऊबंदांचे युद्ध’. पुढे ‘नागरिकांचे युद्ध’ आणि ‘अंतर्गत युद्ध’ अशी शांत नावे आली. कोणी कोणते नाव उच्चारतो यावरून त्याच्या आजोबांची बाजू कळत असे. लिन्नाने हरलेल्यांच्या स्वयंपाकघरातून ही गोष्ट सांगितली आणि देशात मोठा वाद झाला. काही वर्षांनी, १९६६-६७ मध्ये, याक्को पाव्होलाइनेन या इतिहासकाराने दोन्ही बाजूंनी केलेल्या हत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कादंबरी आधी आली, मोजदाद मागून.

आम्हाला हे परके वाटले नाही. १८५७ ला बंड म्हणायचे की स्वातंत्र्यसमर, यावर आपल्या दोन पिढ्या भांडल्या. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादच्या घटनेला सरकार ‘पोलीस ॲक्शन’ म्हणाले, मराठवाडा ‘मुक्तिसंग्राम’ म्हणतो, आणि काही घरांत त्या दिवसांना नावच नाही. १ नोव्हेंबर हा बेळगावात एका गल्लीचा राज्योत्सव आणि दुसऱ्या गल्लीचा काळा दिवस असतो, हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे! नाटकात आम्ही निवेदकाला ‘यादवी’ हा शब्द दिला आणि बाकी प्रत्येक पात्राला त्याचे त्याचे नाव. कोणाचे खोडले नाही.

प्रयोग उत्सवाच्या मांडवात झाला. लिन्नाचे निधन १९९२ चे, त्यामुळे स्वामित्वहक्क अबाधित आहेत. म्हणून तिकीट लावले नाही आणि मजकूर कोठे छापला नाही. मांडणीची कल्पना ताम्पेरेकडून घेतली. तेथे प्यूनिक्की येथील उघड्या नाट्यगृहात प्रेक्षागृह फिरते आणि प्रवेश सभोवार घडतात. आक्सेलीचा मुलगा ज्यात अधिकारी आहे त्या ‘अनाम सैनिक’ या लिन्नाच्या आधीच्या कादंबरीचे प्रयोग तेथे १९६१ ते १९६९ असे एडविन लाइने यांच्या दिग्दर्शनाखाली चालले. आमच्याकडे फिरते प्रेक्षागृह नव्हते, सतरंज्या होत्या. एका बाजूला दलदल, दुसरीकडे चर्चचे घर, तिसरीकडे कामगारांची खोली, चौथीकडे छावणी. प्रवेश बदलला की लोक बसल्या जागी वळत. म्हाताऱ्या बायकांना त्रास झाला, पण एकही उठून गेली नाही.

मराठी रंगभूमीला कुळकथा नवी नाही. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहतांनी आणले, आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’साठी तिन्ही नाटकांचा सलग आठ-नऊ तासांचा प्रयोग केला. देशपांड्यांच्या वाड्याची पडझड पाहताना मी रडलो होतो, कारण तो आमचाच वाडा होता. त्या दिवसापासून मला वाटत होते की कुळकथा म्हणजे वाड्याची कथा. वाड्याची जमीन कोण कसत होते, त्याच्या तीन पिढ्या काय बोलत होत्या, हे विचारायला मला भेस्तानमधल्या मांडवात, परक्या देशाच्या चिखलात उभे राहावे लागले.

माझ्या प्रवेशात धर्मगुरू सगळे बोलून झाल्यावर युस्सीची समजूत घालतो. तालमीत आबा येथे मान खाली घालून निघून जात. प्रयोगात ते निघाले, थांबले आणि संहितेत नसलेले तीन शब्द बोलले: “जमीन आमनी शे.” ‘जमीन आमची आहे’ याचे हे अहिराणी. ज्याला अहिराणीचे हसू येईल अशी भीती होती, तो मुलगा पडद्यामागे प्रवेशाचा कागद धरून उभा होता. मांडवात कोणी हसले नाही.

उत्सवानंतर मी गावी गेलो. ट्रंकेतला कागद काढून त्या सालदाराच्या नातवाकडे नेला. कायद्याने त्यात आता काही उरलेले नाही, हे त्याला मी वकील म्हणून सांगितले. बाकीचे आमच्या दोन घरांनी बसून ठरवायचे आहे. बोलणी चालू आहेत. ती सोपी नाहीत. त्याने पहिल्या भेटीत एकच विचारले, की आजोबांचा अंगठा आहे त्या कागदाची एक प्रत मिळेल का. त्याच्याकडे आजोबांचा एकही फोटो नाही.